पारी गार, सारण गार, भट्टी मात्र तापलेली

स्वयंपाकघरातले प्रश्न : वाचकांची पत्रं आणि त्यांना उत्तरं

या महिन्यात पॉटपायवरच, म्हणजे सारणावर मैद्याची पारी घालून भाजतात त्या अमेरिकी पदार्थावरच, सहा पत्रं आली. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, कारण बाकीच्यांच्या अडचणींचं मूळही बरंचसं तिथेच आहे.

प्रश्न : माझी लेक न्यू जर्सीला असते. दर मे महिन्यात नातवाला घेऊन येते. नातू आठ वर्षांचा. आंबे खातो, सोलकढी पितो, पण जेवायला बसला की "आजी, चिकन पॉटपाय कर ना" म्हणतो. लेकीने लिहून दिलेल्या कृतीने गेल्या वर्षी दोनदा केला. पहिल्या वेळी पीठ मळतानाच लोणी सुटलं आणि सगळं पोळपाटाला चिकटलं. मी आणखी मैदा घालून सावरलं, तर भाजल्यावर पारी इतकी कडक झाली की सुरी चालेना. दुसऱ्या वेळी वरून छान तांबूस दिसत होता, खाली मात्र कच्चा लगदा. नातवाने आतलं सारण चमच्याने खाल्लं आणि पारी ताटात ठेवली. बोलला काही नाही, पण मला लागलं. करंज्या मी चाळीस वर्षं करते, त्या कधी फसल्या नाहीत. मग हेच का फसतं?
— एक आजी, देवगड

उत्तर : ताई, तुमचं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. तुमचा पॉटपाय फसला तो करंजीची सवय हाताला आहे म्हणूनच. आणि जमेल तोही त्याच सवयीमुळे.

करंजीला आपण मोहन घालतो. तूप कडकडीत तापवून रवा-मैद्यावर ओतलं की चुर्र आवाज येतो. मग मूठ आवळून बघायची, मुटका वळला की मोहन पुरेसं. ते गरम तूप पिठाच्या कणाकणाला माखतं, त्यामुळे पुढे पाणी लागलं तरी पिठाला चिवटपणा येत नाही आणि करंजी खुसखुशीत होते. पॉटपायच्या पारीलाही मोहनच लागतं, आणि सढळ हाताने : वजनाने मैद्याच्या निम्मं. पण हे मोहन गार असतं, आणि ते पिठात विरू द्यायचं नसतं. लोण्याचे बारीक तुकडे पिठात तुकडे म्हणूनच राहिले पाहिजेत. विकतच्या लोण्यात ८० टक्के स्निग्धांश असतो आणि साधारण १६ टक्के पाणी. ओव्हनची आच लागली की तुकडा वितळतो, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ पिठाचा पापुद्रा उचलते. बेकरीतल्या खारीचे पदर सुटतात तेही याच न्यायाने. लोणी आधीच पिठात मुरलं, तर वाफेला उचलायला काही उरतच नाही.

आता देवगडची मे महिन्यातली दुपार आठवा. लोणी ३२ ते ३५ अंशांच्या आसपास वितळतं. तुमच्या स्वयंपाकघरातली हवा तेवढी तापलेली, आणि आपला तळहातही जवळजवळ तेवढाच गरम. म्हणजे लोणी सुटलं त्यात तुमची काही चूक नव्हती. चूक झाली ती पुढे : सुटलेल्या लोण्यावर तुम्ही मैदा घातलात आणि पुन्हा मळलंत. मैदा वाढला तसं मोहनाचं प्रमाण उतरलं, मळण्याने चिवटपणा चढला, आणि पारीची पुरी झाली. असं कधी झालं तर मैद्याच्या डब्याला हात लावू नका. परात तशीच उचलून २० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, लोणी घट्ट झालं की पुढे चला.

सहा जणांच्या पॉटपायला, फक्त वरच्या पारीसाठी, २५० ग्रॅम मैदा आणि १२५ ग्रॅम लोणी घ्या. लोणी पिवळं खारवलेलं असेल तर मीठ चिमूटभरच. आदल्या रात्री लोणी फ्रीजरमध्ये टाका, मैदाही डब्यासकट फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी साडेपाचला, उन्हं वर यायच्या आत, लोण्याची ती दगडासारखी वडी खोबऱ्याच्या किसणीवर थेट मैद्यात किसा. किसताना मध्ये मध्ये वडी मैद्यात बुडवा, म्हणजे हाताला चिकटत नाही. मग फक्त बोटांच्या पेरांनी चोळा, तळवा लावायचा नाही. काही कण रव्याएवढे, काही मुगाएवढे आणि काही चपटे, फुटाण्याच्या डाळीएवढे दिसले की थांबा. इथे तुमचा हात म्हणेल, "अजून एकजीव कर." करू नका. बर्फाचं पाणी चमचा चमचा शिंपडा, पाच-सहा पोह्याचे चमचे पुरतात. मूठ आवळली की गोळा धरला पाहिजे, बोटाने ढकलला की फुटला पाहिजे. मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. चपटा करून कागदात गुंडाळा आणि तासभर फ्रीजमध्ये ठेवा.

मी हे सावंतवाडीला आमच्या शेजारणीकडून शिकले. ख्रिस्ती कुटुंब, मूळ गोव्याकडचं. नाताळात त्या पोर्तुगीज वळणाच्या, सारण भरून भाजलेल्या बारक्या एम्पादी करायच्या. मैद्याला हात लावायच्या आधी त्या दोन्ही हात मनगटापर्यंत गार पाण्याच्या तपेलीत बुडवून, डोळे मिटून बसायच्या. पहिल्या दिवशी मला वाटलं, प्रार्थना चालली आहे, म्हणून मीही गप्प उभी राहिले. नंतर त्यांनी माझे हात धरून त्याच तपेलीत घातले आणि म्हणाल्या, "बाय, ऊन हाताक पीठ रागावता." अजून मी मेमध्ये पॉटपाय करायला घेतला की आधी ती तपेली भरते.

लाटायला लाकडी पोळपाट नको. कडप्प्याचा ओटा असेल तर त्यावर बर्फाचं ताट दहा मिनिटं ठेवा, मग ओटा कोरडा पुसून तिथेच लाटा. लाटण्याऐवजी काचेची बाटली गार पाणी भरून वापरा. पारी साटोरीपेक्षा जाड हवी, साधारण ३ मिलिमीटर. लाटताना आत लोण्याचे पिवळे ठिपके दिसले तर आनंद माना, तेच उद्याचे पापुद्रे.

आता खालचा लगदा. त्याची कारणं तीन, आणि तुमच्याकडे बहुधा तिन्ही एकत्र आली. सारण गरम असताना पारीवर ओतलं, भांडं काचेचं होतं आणि ओव्हनची खालची कांडी लावली नव्हती. गरम सारण पारीतलं लोणी भाजायच्या आधीच वितळवतं, मग पीठ शिजत नाही, भिजतं. पहिल्यांदा करताना माझं ऐका : खालची पारी घालूच नका. खोलगट भांड्यात सारण आणि वर पारीचं झाकण, हाही पुरता पॉटपाय आहे, अमेरिकेत कितीतरी घरांत असाच करतात. नातवाला खालची पारीही हवीच असेल, तर पातळ अॅल्युमिनियमचा टिन घ्या, पीठ-लोणी दुप्पट करा. खालची पारी टिनात बसवून काट्याने टोचा, वर बटरपेपर आणि त्यावर मूठ-मूठ कडवे वाल पसरा, म्हणजे पारी फुगून उठत नाही. २०० अंशांवर १५ मिनिटं भाजा, वाल-कागद काढून आणखी ५ मिनिटं, आणि पूर्ण निववा. ते वाल पुढच्या वेळेसाठी बरणीत ठेवा, बिरड्याला ते आता चालायचे नाहीत.

सारणाला कोंबडीचं शिजवून सोडवलेलं मांस ४०० ग्रॅम, दोन गाजरं, एक मोठा कांदा, वाटीभर मटार. ६० ग्रॅम लोण्यावर कांदा-गाजर मऊ परता, कांद्याला रंग चढू द्यायचा नाही. त्यावर ६० ग्रॅम मैदा घालून मंद आचेवर दोन-तीन मिनिटं परता, कच्चा वास गेला पाहिजे. मग कोंबडी शिजवलेलं पाणी ४०० मिलिलिटर, थोडं थोडं, सतत ढवळत, आणि शेवटी २०० मिलिलिटर दूध. पिठल्याच्या गुठळ्या मोडणाऱ्या हाताला हे सांगायला नको. चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली आणि ती तशीच राहिली की झालं. मांस, मटार, मीठ, मिरपूड घाला, पसरट ताटात काढा आणि पंख्याखाली पूर्ण निववा. हे काम आदल्या रात्रीच करून फ्रीजमध्ये ठेवलंत तर उत्तम.

त्यात अमेरिकेत थाइम नावाचा पाला घालतात. देवगडला तो शोधत फिरू नका. थाइमचा वास ज्या थायमॉलमुळे येतो, तेच आपल्या ओव्यात असतं. परसात पानओवा असेलच. त्याची दोन पानं कोंबडी शिजताना पाण्यात टाका आणि नंतर काढून घ्या. चिरून सारणात घालू नका, फार पुढे येतो.

आणि हळद नको. मलाही कोंबडीला हळद-मीठ लावल्याशिवाय चैन पडत नाही, पण हे सारण सायीच्या रंगाचं असतं. वाटण नको, मालवणी मसाला नको. पुष्कळ जणी सुक्यावर पारी घालून त्याला पॉटपाय म्हणतात. सुकं मला जिवाभावाचं आहे, त्याला वडे हवेत, त्याच्यावर पारी घालून त्याचीही चव जाते आणि पारीचीही. नातू जे मागतोय ते सौम्य, दुधाळ, मिरपुडीचं जेवण आहे. आधी ते त्याला नीट करून द्या.

निवलेल्या सारणावर गार पारी घाला, कडा करंजीसारख्या मुरडून दाबा. मुरड तुमच्या हातात आहेच, तुमची मुरड त्याच्या आईलाही यायची नाही. मधोमध सुरीने तीन चिरा द्या, वाफेला वाट हवी. वरून फेटलेलं अंडं लावा. ओव्हन १५ मिनिटं आधी तापवलेला असू द्या, वरची-खालची दोन्ही कांड्या चालू. २०० अंशांवर २० मिनिटं, मग १८० वर आणखी २० ते २५. पारी गडद सोनेरी आणि चिरांतून सारण बुडबुडताना दिसलं पाहिजे. नुसत्या रंगावर विसंबून बाहेर काढू नका. काढल्यावर १५ मिनिटं तसाच राहू द्या, नाहीतर पहिल्या चमच्याला सगळं सारण ताटभर पळतं.

आणि इतकं करूनही हवा फारच तापलेली असेल तर आणखी एक वाट आहे. इंग्लंडात पोर्क पायला उकळत्या पाण्याची पारी करतात. ११० मिलिलिटर पाण्यात ९० ग्रॅम लोणी घालून उकळायचं, २५० ग्रॅम मैद्यात ओतून ढवळायचं, आणि कोमट असतानाच मळून लाटायचं. ही जवळजवळ आपली मोदकाची उकडच. पदर सुटत नाहीत, पण पारी खमंग आणि दणकट होते, उन्हाळ्याला घाबरत नाही. तिच्यावरही सारण मात्र गारच घालायचं.

प्रश्न : पॉटपाय म्हणजे पायाचं सूप असतं तसं कोंबडीच्या पायांचं काही का? आमच्याकडे यावरून घरात वाद झाला.
— गुहागर

उत्तर : नाही हो, पायांचा इथे काही संबंध नाही. इंग्रजीत पाय म्हणजे पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ, आणि पॉट म्हणजे भांडं. युरोपात मध्ययुगात जाड पारीचा उपयोग भांड्यासारखाच होई, आतलं मांस त्यात शिजायचं आणि टिकायचंही. त्या पारीला तेव्हा इंग्रजीत 'कॉफिन' म्हणत, म्हणजे पेटी. ब्रिटिश वसाहतींबरोबर पाय अमेरिकेत गेला, आणि १९५० च्या दशकात गोठवलेले चिकन पॉटपाय तिथल्या घराघरांत पोचले. गोव्यातल्या एम्पादी पोर्तुगालच्या वाटेने आलेल्या त्याच्या चुलत बहिणी. आपल्या बेकरीतलं पॅटीसही त्याच कुळातलं, फक्त त्याची पारी खारीची असते आणि सारण कोरडं.

प्रश्न : काकू, मी रत्नागिरीत नोकरीला आहे, खोलीवर दोघे मित्र राहतो. एक शेगडी, एक कुकर, एक कढई. ओव्हन घ्यायची ऐपत सध्या नाही. आई गेल्यापासून रविवारी काहीतरी नवीन शिजवायचं असं आम्ही ठरवलंय. पॉटपाय जमेल का?
— रत्नागिरी

उत्तर : जमेल रे बाळा. रविवारचा नेम सोडू नकोस.

कुकर वापरणार असशील तर आधी झाकणातली रबरी रिंग आणि शिट्टी दोन्ही काढ. ही गोष्ट विसरायची नाही. तळाला दोन वाट्या जाडं मीठ, त्यावर स्टँड, झाकण लावून १५ मिनिटं मध्यम आचेवर तापव, मग आत पॉटपायचं लहान टिन ठेव. पण आच फक्त खालून लागते, त्यामुळे सारण उकळेल, पारी शिजेल, रंग मात्र येणार नाही आणि वाफेने ती नरमच राहील. मी तीन वेळा करून पाहिलंय, माझं समाधान झालं नाही.

त्यापेक्षा पारी वेगळी भाज. वर दिलेलंच पीठ कर, वाटीच्या तोंडाएवढ्या चकत्या काप, काट्याने टोच, आणि जाड तव्यावर अगदी मंद आचेवर, वर ताटली झाकून, दोन्ही बाजूंनी आठ-आठ मिनिटं भाज. खालून डाग पडायला लागले तर तव्याखाली दुसरा तवा सरकव. सारण कढईत गरमागरम ठेव, वाडग्यात वाढ, वर चकती ठेव आणि चमच्याने ती फोडून खा. ओव्हनसारखे पदर सुटणार नाहीत, पण कुरकुरीत आणि लोण्याच्या वासाची होते.

आणखी एक वाट सांगते, ती मला सगळ्यात आवडते. दिवाळीत आपल्याकडे बायका नानकटाईचे ट्रे बेकरीत भाजायला नेतात, ते तू लहानपणी पाहिलं असशील. तुमच्या जवळपास लाकडाच्या भट्टीची बेकरी असेल तर दुपारी जाऊन विचार. पाव निघाल्यावर भट्टी बराच वेळ तापलेली असते, आणि ती उतरती आच पॉटपायला योग्य. थोडे पैसे घेतील, कदाचित घेणारही नाहीत. टिन फ्रीजमधून काढल्यावर ओल्या फडक्यात गुंडाळून ने.

सुट्टीत गावी गेलास आणि चूल असेल, तर काकडीचं धोंडस भाजतात तसं कर : टोपाखाली निखारे, वर झाकणात निखारे. वरचे जास्त ठेव, खालचे कमी. माझ्या आजीच्या घरी धोंडस असंच भाजायचे, आणि वरखाली निखारे असलेलं ते टोप कुठल्याही ओव्हनला हार जाणार नाही. पहिला पॉटपाय झाला की मला कळव.

प्रश्न : आमच्याकडे ब्रॉयलर खात नाहीत, घरची गावठी कोंबडी असते. ती पॉटपायला चालते का? एकदा केला तर मांस रबरासारखं लागलं.
— दापोली

उत्तर : चालते कसली, मी तर म्हणेन गावठीचाच करावा. फक्त ब्रॉयलरची कृती तिला लावायची नाही. ब्रॉयलर झाकण ठेवून मंद आचेवर २५-३० मिनिटांत शिजते, जास्त शिजवली तर तिचे दोरे होतात. गावठी चालती-फिरती, झाडावर चढणारी, तिचं मांस घट्ट. तिला उघड्या टोपात मंद आचेवर दीड-दोन तास द्या, किंवा कुकरला बारीक गॅसवर पाच-सहा शिट्ट्या. हाडासकट शिजवा. बरोबर कांदा, सात-आठ काळी मिरी, गाजराचे देठाकडचे तुकडे. मांस हाडावरून आपण होऊन सुटायला लागलं की पुरे.

ते पाणी गाळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी वर चरबीची पिवळी साय आणि खाली थरथरणारी जेली दिसेल. हाडांतून आणि कातडीतून उतरलेलं ते जिलेटिन, ब्रॉयलरच्या पाण्याची एवढी घट्ट कधी होत नाही. ती वरची चरबी फेकू नका, सारणाचा मैदा लोण्याऐवजी तिच्यात परता. मग कळतं की कोंबडीचा पॉटपाय म्हणजे काय.

तुम्ही दापोलीच्या, म्हणून आणखी एक. तिथल्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेली 'कोकण सुगंधा' ही जायफळाची जात आपल्या नारळी-पोफळीच्या बागांत लागते. कोणाच्या वाडीतलं ताजं जायफळ मिळालं तर सारणात शेवटी दोन-तीन वेळा किसणीवरून फिरवा. दुधाच्या सारणाला ते वेगळाच गोडवा देतं. श्रीखंडाएवढं मात्र घालू नका.

प्रश्न : मी घरगुती डबे देते. आता पर्यटक येतात तेव्हा लहान पॉटपाय करून विकावेत असं मनात आहे. आधी करून किती दिवस ठेवता येतील? बेकरीसारखे काचेच्या कपाटात ठेवले तर?
— वेंगुर्ले

उत्तर : काचेच्या कपाटात नको, हे आधी सांगते. दूध, कोंबडी आणि ओलसर सारण, म्हणजे जंतूंना सगळंच आवडीचं. शिजवलेलं असं अन्न फ्रीजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आपल्याकडे एप्रिल-मेत दिवसभर तेच. त्यामुळे ऑर्डर घेऊन, भाजून, गरम असतानाच हातात द्यायचे.

आधी करून ठेवायचे तर कच्चेच, भरलेले आणि बंद केलेले, फ्रीजरमध्ये. सारण पूर्ण निवलेलं हवं. दोन वेळा घट्ट गुंडाळा, वर तारीख लिहा. महिना-दीड महिना चव चांगली राहते. भाजताना ओट्यावर वितळायला ठेवायचे नाहीत. फ्रीजरमधून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये, १९० अंशांवर, लहान असतील तर ४५-५० मिनिटं. मधल्या सारणात सुरी खुपसून, पाच सेकंद ठेवून, ओठाच्या कडेला लावून बघा. चटका बसला पाहिजे. भाजून उरलेला फ्रीजमध्ये तीन दिवस, आणि तो घरच्यांसाठी, गिऱ्हाइकाला नाही.

लाइट गेली तर फ्रीजर उघडून बघायचा मोह आवरा. गच्च भरलेला फ्रीजर बंद राहिला तर सुमारे ४८ तास गोठलेला राहतो, अर्धा भरलेला २४. खालच्या फ्रीजला मात्र चारच तास. तीन वर्षांपूर्वी जुलैत आमच्याकडे झाड पडून तारा तुटल्या, अडीच दिवस लाइट नव्हती. माझ्या फ्रीजरमध्ये एका बारशासाठी केलेले १४ पॉटपाय होते. वरून अजून गार लागत होते, वासही नव्हता, आणि मी बराच वेळ एकेक हातात घेऊन दाबून बघत होते. शेवटी सगळे परसात खड्डा खणून पुरले, आणि बारशाला उपमा-शिरा केला. त्या घरात नऊ दिवसांचं बाळ आणि बाळंतीण होती. पुन्हा तसं झालं तर पुन्हा पुरीन. तुम्हीही पावसाळ्यात साठा करूच नका, हंगाम ऑक्टोबर ते मे धरा. विक्रीसाठी अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते, ती आधी करून घ्या.

किंमत ठरवताना लोण्याचा हिशेब नीट धरा, सगळ्यात महाग तेच. वनस्पती तुपाने स्वस्त होईल, पण टाळूला चिकटतं. नुसत्या साजूक तुपाचीही पारी करू नका : तुपात पाणी जवळजवळ नसतंच, त्यामुळे वाफ होत नाही, आणि पारी नानकटाईसारखी भुगभुगीत होऊन उचलताना मोडते.

प्रश्न : श्रावणात आम्ही मांसाहार करत नाही, अंडंही नाही. मुलींनी पॉटपायच मागितला आहे. काय घालू?
— अलिबाग

उत्तर : चैत्र असता तर फणसाची कुयरी सांगितली असती. उकडून तिचे रेषे सोडवले की ती या सारणात फार शोभते. पण श्रावणात कुयरी कुठली! तेव्हा सुरण घ्या. चिंचेच्या पाण्यात उकडून, बोटाच्या पेराएवढ्या फोडी करून, लोण्यावर कडा तांबूस होईपर्यंत परता. बरोबर मक्याचे कोवळे दाणे आणि गाजर. घरी चालत असतील तर अळंबीही, पण ओळखीच्या माणसाकडून घेतलेली किंवा बाजारातली पांढरी बटण. अळंबीला पाणी सुटतं, ते मोठ्या आचेवर पुरतं आटवा, नाहीतर पारी भिजते. कोंबडीच्या पाण्याऐवजी मक्याची बोंडकं, कांदा आणि मिरी अर्धा तास उकळून गाळलेलं पाणी. कांदा वर्ज्य असेल तर कोबीचा दांडा. पारीवर अंड्याऐवजी साय-दूध लावा, रंग थोडा फिका येतो. तो यावा म्हणून दुधात चिमूटभर साखर घाला, आणि शेवटची पाच मिनिटं ओव्हनपाशीच उभ्या राहा, साखरेची पारी बघता बघता काळी होते.